मधमाशीपालन मोबाईलवर शिकावं की पेटीपाशी? वाचकांचे प्रश्न

मेसेज बरेच साठलेत आणि त्यातले निम्मे एकाच वळणाचे आहेत, की व्हिडिओ सगळे बघून झालेत, आता पेट्या घेऊ का. म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

पेटीत वजन-तापमानाचा सेन्सर बसवला तर लवकर शिकता येईल का?

नाही. वजन घटलं एवढंच तो सांगेल, का घटलं ते पेटी उघडल्यावरच कळतं.

दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं. तीच कंपनी मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी जातीच्या मधमाशीच्या, २५ पेट्या देतेय आणि मध परत विकत घेणार म्हणतेय. आम्ही भोरकडचे. जूनमध्ये सुरू करू का?

थांबा, आणि अजून पैसे भरले नसतील तर भरू नका. जून तर अजिबात नको. आपल्या डोंगरपट्ट्यात पावसाळा हा माशीच्या उपासमारीचा काळ असतो, फुलोरा नसतो आणि माशीला बाहेर पडता येत नाही. कोर्सवाल्याचं कॅलेंडर कुठल्या भागातलं होतं ते विचारलंत का? जांभळासारखी झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतात, कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा, हे त्यांच्या स्लाईडमध्ये नसणार. शिवाय मेलिफेराच्या २५ पेट्या एका जागी ठेवून चालत नाही, फुलोऱ्यामागे गाडीत घालून फिरवाव्या लागतात, तो खर्च त्यांनी सांगितलाय का? मध परत घेण्याचा भाव लेखी आहे का? मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी निघालं की माल नाकारतात, आणि चौकटीतल्या (पेटीतली लाकडी फ्रेम, जिच्यावर माशा पोळं बांधतात) बऱ्याचशा घरांना मेणाचं झाकण लागायच्या आधी मध काढलात की पाणी जास्त निघणारच.

आता शिकण्याबद्दल, कारण माझी खरी काळजी तीच आहे. चौकट पेटीवरच, उभी धरूनच फिरवायची असते. आडवी केली की उन्हात मऊ झालेलं नवं पोळं तुटतं, मध सांडतो आणि त्या वासावर दुसऱ्या पेटीतल्या माशा लुटायला येतात. व्हिडिओत हे दिसतं हो, पण मनगटाला कळत नाही. तशीच पेटी मागून किंचित उचलून मधाचा अंदाज घेणं, राणी गेलेल्या वसाहतीचा वेगळा आवाज ओळखणं, या गोष्टी माणसाशेजारी उभं राहूनच येतात. त्यात बहुतेक व्हिडिओ मेलिफेराचे, ती चौकटीवर शांत बसते. आपली देशी माशी, सातेरी, पळते, चौकटीच्या खालच्या कडेला घोस करून लोंबते, आणि नवशिका घाबरून चौकट सोडतो. बरं, सरावासाठी स्वतःची एकुलती एक पेटी रोज उघडलीत तर सातेरी घर सोडून निघूनच जाते. म्हणून सराव दुसऱ्याच्या पेट्यांवर, जाणत्या मधपाळाबरोबर, निदान एक पूर्ण हंगाम. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचं मध संचालनालय, दोन्हीकडे चौकशी करा. मग दोन पेट्या घ्या. पंचवीसचं नंतर बघू.

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणत नाही. ऊन पाठीवर घेऊन चौकटीचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा, पहिल्या दिवशी उभं असलेलं अंडं तिसऱ्या दिवशी आडवं झालेलं दिसेल. ते दिसलं म्हणजे तीन दिवसांपूर्वी राणी नक्की होती, तिला शोधत पेटी उघडी ठेवायची गरज नाही.

सातेरीच्या अळ्या मरतायत. ग्रुपवर एकाने अँटिबायोटिक पाकात घालायला सांगितलंय. देऊ का?

देऊ नका! अळीची पाण्याने भरलेली पिशवी झाली असेल आणि डोकं वर टोकदार दिसत असेल तर सॅकब्रूड या अळ्यांच्या रोगाची शंका घ्यावी, तो विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, उलट औषधाचा अंश मधात उतरतो. १९९१-९२ पासून दक्षिण भारतात याच रोगाने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. अळी पिवळी पडून आंबट वास येत असेल तर रोग वेगळा, आणि वास काही फोटोत येत नाही. तोवर या पेटीतली चौकट दुसरीत घालू नका, हत्यारं वेगळी ठेवा आणि याच आठवड्यात तज्ज्ञाला पेटी दाखवा. मला एका वाचकाने महिन्याने कळवलं होतं, तेव्हा पेटीत फक्त मेणकिडा उरला होता.

शाळेत मधमाशी शिकवायचीय. व्हिडिओ दाखवू की काचेची पेटी आणू?

दोन्ही, मॅडम, आणि याच क्रमाने. कार्ल फॉन फ्रिश यांनी माशीच्या नाचाचा अर्थ लावला, त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. उभ्या पोळ्यावर सरळ वर नाचली तर फुलं सूर्याच्या दिशेला, हे आधी स्लो मोशनमध्ये दाखवा, मग मुलं काचेतून तोच नाच स्वतः शोधतील. तो आनंद पडद्यावर मिळत नाही. काच एरवी काळ्या कापडाने झाका, आणि एका चौकटीवरची ती माशी फार दिवस कोंडू नका. पेटी जाणत्या मधपाळाकडूनच आणा, आणि कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी आहे का ते पालकांना आधी लेखी विचारा.

डंखाने हात दोन दिवस सुजला. शिकणं सोडू का?

फक्त डंखाच्या जागी सूज असेल तर सहसा सोडायची गरज नसते. काटा लगेच नखाने काढायचा, चिमटा शोधत बसायचं नाही. पण अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा श्वास लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा, आणि एकदा जरी असं झालेलं असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय पेटीजवळ जाऊ नका, माझ्या उत्तराची वाट बघत तर मुळीच थांबू नका.