नाशिकमध्ये नव्या डिझायनरकडून कपडे घ्यावेत की मॉलमधल्या ब्रँडचेच बरे?

तुमचा मुद्दा असा की मॉलमध्ये हजारात कुर्ता मिळतो, मग गंगापूर रोडवरची नवी डिझायनर अडीच हजार मागते ते का द्यायचे?

मी अल्टरेशन आणि फॉल-पिको करते. दोन्हीकडचे कपडे माझ्याकडे उलटे होऊन येतात. ब्रँडच्या कुर्त्यात शिवणीला माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, इतकी थोडी असते, की उसवून सैल करायला जागाच नाही. चांगली डिझायनर बाजूला इंचभर तरी सोडते. अंग सुटलं तरी कुर्ता चालतो.

भावातल्या फरकाला कारण आहे. कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकदम कापतात, एक कारागीर दिवसभर नुसत्या बाह्याच जोडतो. इथे एकीसाठी एक कटिंग, आणि कापडही ताग्याने नाही, मीटरने घेतलेलं. शिवाय ती स्वस्ताई कुणाच्या तरी जिवावर असते. २०१३ मध्ये ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून जास्त माणसं गेली. तिथे परदेशी ब्रँडचेच कपडे शिवत होते.

तरी सगळंच इथलं घ्या, असं मी म्हणणार नाही. टी-शर्ट, लेगिंग खुशाल ब्रँडचे घ्या. होजिअरीची, म्हणजे असल्या ताणणाऱ्या कापडाची, मशीन छोट्या बुटिकमध्ये बहुधा नसतात आणि ते काम त्यांना जमतही नाही. ब्लाउज, कुर्ता, जॅकेट, लग्नकार्यातले कपडे मात्र मापाचेच शोभतात.

'डिझायनर' पाटीला भुलू नका हं. तयार माल आणून त्यावर आपलं लेबल लावणारेही आहेत. कपडा उलटा करून बघा, कापड कुठलं ते विचारा. येवल्याची पैठणी वापरलीय म्हणाली तर पदराची मागची बाजू बघा. हातमागावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, यंत्रमागावरच्याला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. यंत्रमागाचा काठ लावला म्हणून काही बिघडत नाही, पण तसं सांगून आणि त्याच भावात.

डिझायनर पटली, तर लग्नसराईच्या दोन महिने आधी जा आणि निम्मे पैसे आधी द्या, तिचं कापड त्यातूनच येतं. ब्रँडचा फोटो दाखवून "अस्संच, पण निम्म्यात" एवढं मात्र म्हणू नका. ट्रायलला समारंभातलीच चप्पल घालून जा, उंची हमखास तिथे चुकते.