चाळिशीनंतर स्क्रीनवरचं काम आणि बाहेरचा वापर, दोन्हीला एकच प्रोग्रेसिव्ह चष्मा (वरून दूरचं, खालून जवळचं दाखवणारा, मधे रेघ नसलेला) पुरतो का?

दिवसाचे सहा-सात तास स्क्रीनसमोर जात असतील तर नाही. बाहेरसाठी प्रोग्रेसिव्ह ठेवा आणि कामाला वेगळा चष्मा करा. प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो, तोही बाहुलीच्या खाली. मॉनिटर मात्र नाकासमोर, 60-70 सेंटिमीटरवर. मग हनुवटी उचलून बघावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. कामाला साधी सिंगल व्हिजन (एकाच नंबरची) काचही चालते: दूरचा नंबर +0.50 आणि अ‍ॅडिशन (वाचायला दूरच्या नंबरात मिळवायचा जादा नंबर) +2.00 असेल, तर स्क्रीनसाठी त्यातला निम्मा मिळवून साधारण +1.50. सोबत कागदही वाचायचे असतील तर ऑफिस लेन्स (जवळच्या आणि मधल्या अंतरासाठीची; ती लावून गाडी चालवायची नाही). तपासणीला जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. नुसतं "कॉम्प्युटरचं काम आहे" म्हटल्यावर अंदाजपंचे नंबर मिळतो. प्रोग्रेसिव्हची फिटिंग हाइट (काचेच्या खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतची उंची) फ्रेम चेहऱ्यावर चढवूनच घ्यायला लावा. ती दोन-तीन मिलिमीटर खाली गेली की वाचायचा भाग सापडतच नाही. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्याच. ब्लू कटवर (निळा प्रकाश गाळणाऱ्या काचेवर) जादा पैसे कशाला? कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. अ‍ॅडिशन +1.25 च्या आत असेल तर मात्र सध्या एका चष्म्यावर भागू शकतं.