सगळेच बिनचूक वाजवतात, मग व्हायोलिन स्पर्धेत पहिला नंबर ठरतो कसा?

तुमचं म्हणणं असं की मेन्युहिन स्पर्धेचे व्हिडिओ बघितले, सगळी पोरं बिनचूकच वाजवतायत, मग परीक्षक नंबर काढतात तरी कसा, का सगळं आधीच ठरलेलं असतं. मी हौशी व्हायोलिनवाला, स्पर्धेच्या वाटेला कधी गेलो नाही, पण या स्पर्धा जागून ऐकायची खोड आहे म्हणून लिहितो.

एक म्हणजे चुका मोजून तिथे नंबर लागतच नाही. येहुदी मेन्युहिन या गाजलेल्या व्हायोलिनवादकाने 1983 मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टोनला ही स्पर्धा सुरू केली, 22 च्या आतल्या मुलांसाठी, ज्युनियर आणि सिनियर असे दोन गट. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं आणि त्यातून निवडून मोजक्याच मुलांना बोलावतात, त्यामुळे कच्चा गडी स्टेजपर्यंत पोचतच नाही.

खरी मजा मोझार्टमध्ये आहे. पॅगनिनीच्या कॅप्रिसमध्ये (एकट्या व्हायोलिनच्या छोट्या, अवघड रचना) बोटं पळतात, ऐकणारा तोंडात बोट घालतो, पण या वयाच्या मुलांना बोटं पळवायचं भय नसतंच हो. मोझार्टचा पाचवा कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) घ्या, 1775 चा. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा (आधीच्या फेऱ्यांमध्ये त्याच्या जागी नुसता पियानो) चांगला धावत येतो, आपल्याला वाटतं आता व्हायोलिनही धावत येणार, आणि ते येतं एकदम संथ, लांब लांब सूर घेऊन, आणि हे सगळं जेमतेम सहा मात्राखंडांत संपतं. लपायला जागाच नाही. बो, म्हणजे गज, तारेवर टेकताना जराशी खरखर आली, बो उलटा फिरवताना सुराला बारीक धक्का बसला, किंवा घाबरून व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) पहिल्या क्षणापासूनच गदागदा हलवला की सगळं उघडं पडतं, मग पुढे कितीही फटाके फोडा. त्यात मोझार्टने व्हायोलिन कॉन्चेर्टोंसाठी स्वतःच्या कॅडेन्झा लिहून ठेवलेल्या नाहीत, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकट्याने वाजवायचं असतं ती जागा मुलाने कशी भरली यावरून त्याची समज कळते.

बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचनांचंही तेच. साथ नाही, काही नाही, कुठे जोरात कुठे हळू हेही त्याने जवळपास लिहिलेलंच नाही. दोन तारा एकदम वाजवताना जरा कणसूर झालं तर आपल्याला नाही कळणार, परीक्षकाला लगेच कळतं.

आता राहिलं आधीच ठरलेलं वगैरे. हे जग लहान आहे, परीक्षकाचा स्वतःचा शिष्य स्पर्धेत असणं ही काही नवलाची गोष्ट नाही, कुजबुज होतेच, आणि म्हणून बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या शिष्याला मार्क द्यायचे नाहीत असा नियम असतो. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत तर परीक्षकांनी आपसात चर्चाच करायची नाही, नुसते मार्क द्यायचे. पण आवडीनिवडीला कुठला नियम लावणार? कोणाला गोड सूर आवडतो, कोणाला धीट वाजवणं. 1935 ला वॉर्साला पहिल्या वेनियाव्स्की स्पर्धेत 15 वर्षांची जिनेत नव्ह पहिली आली आणि 26 वर्षांचा डेव्हिड ओइस्त्राख दुसरा, आणि त्या ओइस्त्राखने दोनच वर्षांनी ब्रसेल्सची स्पर्धा मारली. म्हणजे दुसऱ्या नंबराने त्याचं काही अडलं नाही.

मेन्युहिन स्पर्धेचं मला आवडतं ते हे की पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या मुलांना लगेच सामान आवरायला लावत नाहीत, थांबा म्हणतात, मोठ्या वादकांच्या मास्टरक्लासला बसायला मिळतं. दहा-बारा वर्षांच्या पोराला मेडलपेक्षा हे जास्त कामाचं, असं माझं मत.

आणि कधीकधी परीक्षकांनाही ठरवता येत नाही. 2018 ला जिनिव्हाला ज्युनियर गटात क्लोई चुआ आणि क्रिस्टियन ली या दोघांना पहिला नंबर वाटून दिला, ती 11 ची, तो 10 चा. दोघांनीही विवाल्दीच वाजवला, तिने ‘हिवाळा’, त्याने ‘उन्हाळा’. हे दोन्ही लागोपाठ ऐका. ती आखीव आणि शांत, तो तावातावाने वाजवणारा. मी कितीदा ऐकलंय, आणि मार्क द्यायची वेळ आली असती तर मीही वाटूनच दिला असता.