ऑफिसातल्याच माणसाचा मेल क्यूमध्ये का येत नाही?

प्रश्न : नमस्कार मॅडम, आमच्याकडे डायनॅमिक्स ३६५ (मायक्रोसॉफ्टचं सीआरएम, म्हणजे ग्राहकांशी होणारे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे. आयटी सपोर्टसाठी त्यात एक क्यू, म्हणजे आलेल्या कामांची सगळ्यांची मिळून एक यादी, केलाय, त्याला वेगळा मेल आयडी दिलाय. बाहेरच्या व्हेंडरचे मेल त्यात बरोबर येतात पण आमच्याच अकाउंट्स विभागाच्या लोकांनी पाठवलेले येत नाहीत, आणि आउटलुकमध्ये त्या मेलबॉक्समध्ये बघितलं तर मेल तिथे पडलेला असतो. लोक म्हणतात तुम्ही लक्षच देत नाही. काय करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : मेल मेलबॉक्सपर्यंत पोचतोय म्हणजे मेल सर्व्हर ठीक आहे, अडतंय ते सीआरएममध्ये आत घेताना. आणि फक्त आतल्याच लोकांचं अडतंय म्हटल्यावर दोन जागा आधी बघा.

पहिली जागा, क्यूचा फॉर्म. त्यात ‘कन्व्हर्ट इनकमिंग ईमेल टू ॲक्टिव्हिटीज’ असं एक सेटिंग असतं, म्हणजे आलेल्या कोणत्या मेलची सिस्टीममध्ये नोंद (ॲक्टिव्हिटी) करायची ते. तिथे जर लीड, कॉन्टॅक्ट आणि अकाउंट (सिस्टीममध्ये नोंदवलेले संभाव्य ग्राहक, ओळखीची माणसं आणि कंपन्या) यांचेच मेल घ्या असा पर्याय निवडलेला असेल तर व्हेंडर येणार आणि तुमचा सहकारी बाहेर राहणार, कारण तो सिस्टीममध्ये यूझर आहे, कॉन्टॅक्ट नाही. सपोर्टच्या क्यूला मी तरी सरळ ‘ऑल ईमेल मेसेजेस’ ठेवीन. थोडा कचरा येईल, तो काढता येतो, न आलेला मेल मात्र कुणाला दिसतच नाही.

काही जण यावर उपाय म्हणून सगळ्या स्टाफचे कॉन्टॅक्ट तयार करतात. कृपा करून हे करू नका, एकाच मेल आयडीचे दोन रेकॉर्ड झाले की पाठवणारा नक्की कोण धरायचा हा घोळ पुढे प्रत्येक केसमध्ये निस्तरत बसावं लागतं.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे आणि बहुतेकांना ती माहीतच नसते. समजा अकाउंट्सच्या माणसाने सीआरएममधूनच, किंवा आउटलुकमधून ट्रॅक करून (म्हणजे सीआरएममध्ये नोंद होईल असा) मेल पाठवला. म्हणजे त्या मेलची एक ॲक्टिव्हिटी त्याच्या नावावर आधीच झाली, आउटगोइंग म्हणून. आता तोच मेल क्यूच्या मेलबॉक्समध्ये आला की सिस्टीम म्हणते हा तर माझ्याकडे आहेच, आणि दुसरी ॲक्टिव्हिटी करत नाही, मग क्यूमध्ये काय दिसणार! यासाठी सिस्टीम सेटिंग्जमध्ये ईमेलच्या भागात यूझर्समधले मेल दोन ॲक्टिव्हिटीज म्हणून ट्रॅक करा असा पर्याय आहे, तो ‘येस’ करा. मग पाठवणाऱ्याची एक आणि घेणाऱ्याची एक अशा दोन नोंदी होतात. हे सेटिंग सगळ्या ऑर्गनायझेशनला लागू होतं, एका क्यूपुरतं नाही, त्यामुळे टाइमलाइनवर (रेकॉर्डमधल्या नोंदींच्या यादीत) एकच मेल दोनदा दिसला म्हणून फोन येतील, तर आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. आणि मेलची संख्या मोजणारे रिपोर्ट असतील तर त्यात इनकमिंग-आउटगोइंगचा फिल्टर लावा, नाहीतर आकडे फुगतील.

एवढं करूनही येत नसेल तर क्यूचा मेलबॉक्स रेकॉर्ड उघडा. इनकमिंगला सर्व्हर साइड सिंक (मेल सर्व्हरवरून आपोआप सीआरएममध्ये आणणारी सोय) आहे का, ॲड्रेस अप्रूव्ह झालाय का, ‘टेस्ट अँड एनेबल’ (मेलबॉक्स तपासून सुरू करायचं बटण) यशस्वी झालं का ते बघा. मध्ये कुणी क्यूचा मेल आयडी बदलला असेल तर अप्रूव्हल परत द्यावं लागतं, हे हमखास विसरलं जातं. पण तुमच्या बाबतीत बाहेरचे मेल येतायत म्हणून ही शक्यता कमीच.

आतापर्यंत जे मेल सुटले ते आपोआप येतील असं धरून चालू नका. मेलबॉक्स उघडून एकदा हाताने तपासा, कुणाचा तरी लॅपटॉप अजून बंद असेल आणि तो बिचारा उत्तराची वाट बघत असेल.

प्रश्न : क्यूमधला एकच मेल आमच्यातले दोघेजण सोडवत बसतात, हे कसं थांबवायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काम हातात घेताना प्रत्येकाने क्यूमधला तो आयटम ‘पिक’ करायचाच, म्हणजे ‘वर्क्ड बाय’मध्ये नाव लागतं. पिक करताना आयटम क्यूमधून काढू का असं विचारलं जातं, तिथे ‘नो’ म्हणा, म्हणजे कोणाकडे काय आहे ते बाकीच्यांनाही दिसत राहतं. आणि टीमला ‘आयटम्स अव्हेलेबल टू वर्क ऑन’ हा व्ह्यू उघडून काम करायला सांगा, त्यात ज्याला अजून कुणी हात लावलेला नाही तेवढंच येतं.