वाड्याचे लाकडी खांब खालून कुजलेत, सगळे म्हणतात पाडा. दुरुस्त होऊ शकतो का?

बहुतेक वेळा होतो. पाडायचं ठरवायच्या आधी एवढं करा, एक जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक खांबाला जमिनीपासून वर वीत-वीत अंतरावर टोचत जा. आमच्या आजोळच्या वाड्यात ओसरीचा कोपऱ्यातला खांब खाली इतका भुसभुशीत झाला होता की स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तर चहाच्या चोथ्यासारखा ओला भुसा, आणि त्याच खांबात दोन हात वर टोक जरासुद्धा शिरेना, ठोकलं की खणखणीत आवाज. कुजलं होतं ते खालचं दीड फूट, वरचं सागवान ठणठणीत.

वाड्यात आतलं बरंचसं वजन लाकडी सांगाडा पेलतो. दगडी तळखडा म्हणजे खांबाखालची बैठक, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त म्हणजे आधाराचा लाकडी ठोकळा, त्यावर तुळई म्हणजे मोठी आडवी तुळी, मग कडीपाट म्हणजे कड्या आणि त्यावरच्या फळ्या, आणि वर मातीचा थर. खांबाखांबांमधल्या विटामातीच्या भिंती बऱ्याचदा नुसत्या भरलेल्या असतात, म्हणून भिंतीला भेग दिसली की वाडा गेला असं लगेच समजू नका, आधी खांब ओळंब्यात, म्हणजे सरळ उभे, आहेत का आणि तुळईची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे मऊ झालीयेत का ते बघा. तुळई बहुतेक तिथेच सडते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता कुजलं कशामुळे ते शोधा, त्याशिवाय लाकडाला हात लावू नका. तळखडा असतोच मुळी लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून. आमच्याकडे काय झालं होतं, बाहेरचा रस्ता थरावर थर पडून उंच झाला, मग पाणी आत येतं म्हणून कोणीतरी ओसरीत सिमेंटचा कोबा करून फरशी बसवली, आणि तळखडा त्याखाली गडप. पूर्वी ओल सारवलेल्या जमिनीतून उडून जायची, ती वाट बंद झाल्यावर ती भिंतीतून नि खांबातून वर चढायला लागली. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्यामुळे आधी पन्हळ, कौलं, अंगणाचा उतार आणि तो कोबा, हे बघा.

खांबाचं काम असं झालं: दोन्ही बाजूंनी तुळईला टेकू दिले, जॅकवर भार अगदी हळूहळू उचलला, सुतार मध्येच थांबायचे आणि सांधे कुरकुरतायत का ते कान देऊन ऐकायचे. मग कुजका भाग कापून तिथे जुन्याच मुरलेल्या सागवानाचा तुकडा तिरक्या खाचेचा सांधा करून, लाकडी खुंट्या मारून बसवला. ओलं नवं लाकूड घालू नका, ते सुकताना आकसतं आणि सांधा सैल होतो. टेकू कुठे आणि किती हे मात्र जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच ठरवायला हवं, यात अंदाज चालत नाही.

आणि हात जोडून सांगतो, भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. सिमेंट कडक आणि बंद, आत गेलेली ओल आतच कोंडते आणि शेजारचं लाकूड खाते. चुन्यातून ओल बाहेर पडते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे प्रत्येक थर सुकू न देता कित्येक दिवस ओला ठेवावा लागतो, घाई असलेला कॉन्ट्रॅक्टर इथेच कंटाळतो आणि गुपचूप त्यात सिमेंट मिसळतो, तेव्हा घाणी लावताना, म्हणजे चुना मळताना, स्वतः उभे राहा.

वाडा हेरिटेज यादीत असला तर कामाआधी महापालिकेची परवानगी लागेल, तेही विचारून घ्या. पुण्यात विश्रामबागवाड्यावरून जाणं झालं तर दर्शनी भागातले सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब जरूर बघा, 1807 च्या सुमाराचं ते काम अजून रस्त्यावरून दिसतं.

तुमच्या खांबांना टोचून बघितलंत की किती उंचीपर्यंत मऊ लागतंय ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.