ज्येष्ठांच्या आहाराचे आकडे इतके कमी का येतात?

पुण्यातल्या साठीपुढच्या लोकांचा आहार आणि हाताच्या पकडीची ताकद यांवर पीएच.डी. करताय, आणि कालच्या २४ तासांचं खाणं विचारलं की उष्मांक फारच कमी भरतात, असं तुम्ही म्हणता.

आधी तेल तपासा. "फोडणीला चमचाभर" यावर कधीच विसंबू नका. घरात महिन्याला किती तेल लागतं ते विचारा. ३ लिटर आणि ४ माणसं असतील तर माणशी रोज २५ मिली, म्हणजे जवळपास २०० किलोकॅलरी. नेमक्या ह्याच गळतात!

वाटी त्यांच्याच घरातली घ्या, पाण्याने भरून मोजपात्रात ओता. भाकरी काट्यावर ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांत (कोणत्या पदार्थात किती प्रथिनं, उष्मांक वगैरे ते सांगणाऱ्या) बहुतेक धान्यं-डाळींचे आकडे कच्च्या मालाचे आहेत. शिजलेल्या वरणाचं वजन त्यात टाकलंत तर प्रथिनं भलतीच फुगतील. डाळ किती भिजवली, वरण एकूण किती झालं, त्यांच्या वाट्याला किती आलं, हे विचाराच.

एकच दिवस पुरत नाही. लागोपाठ नसलेले किमान दोन घ्या, त्यात एक रविवार. चतुर्थी-एकादशी वेगळी नोंदवा.

आणि आहार व पकड एकाच वेळी मोजणार असाल, काही काळाने पुन्हा नाही, तर कमी खाण्यामुळे पकड कमी झाली असं कारण-परिणाम लिहू नका; उलटंही असू शकतं. अशक्त माणूस मुळातच कमी जेवतो.