व्हिडिओची एमपी३ करून पेन ड्राइव्हवर टाकली, पण गाडीत वाजत नाही? आधी हे बघा

एमपी४ म्हणजे व्हिडिओची फाइल, एमपी३ म्हणजे नुसत्या आवाजाची. नावातलं एमपी४ खोडून एमपी३ लिहिलं म्हणून फाइल एमपी३ होत नाही. आत व्हिडिओ तसाच राहतो आणि गाडीचा प्लेअर ती फाइल सोडून पुढे जातो. तुमचं बहुतेक हेच झालंय.

कॉम्प्युटरवर व्हीएलसी (व्हिडिओ-गाणी वाजवायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडा, मीडिया मेन्यूत कन्व्हर्ट/सेव्ह निवडा, प्रोफाइल ऑडिओ-एमपी३ ठेवा. नव्या फाइलला मूळ फाइलचं नाव मात्र अजिबात देऊ नका, मूळ व्हिडिओ गमवाल. कीर्तन, व्याख्यानं यांना १२८ केबीपीएस (हा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला किती डेटा लागतो ते) भरपूर झालं. तासाला साधारण ५८ एमबी लागतात.

लॅपटॉपवर वाजतं पण गाडीत नाही, असं असेल तर पेन ड्राइव्ह तपासा. ड्राइव्हवर फाइल्स साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती (फॉरमॅट) असतात, आणि पुष्कळ गाड्यांना त्यातलं फक्त फॅट३२ कळतं, एनटीएफएस किंवा एक्सफॅट नाही. ३२ जीबीपर्यंतचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सहज फॅट३२ करता येतो, पण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढून ठेवा.

आमच्या गाडीच्या स्क्रीनवर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. आईला हवं असलेलं कीर्तन ताम्हिणी घाटाच्या वळणांवर शोधत बसलो होतो, आणि ते धोक्याचं होतं. तेव्हापासून मी नावं रोमन लिपीत, पुढे ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत टाकून देतो. काही प्लेअर नाव न बघता कॉपी केलेल्या क्रमानेच वाजवतात, म्हणून फाइल्स एकेक करून क्रमाने टाका.

आणि निघायच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये गाडी चालू करून प्रत्येक फाइल दहा सेकंद ऐका. घाटात रेंज नसते, तिथे दुसरं काही डाउनलोड करता येणार नाही.